मदत हवी आहे : ‘पॉश’ या शब्दाचे मूळ
नमस्कार. ‘पॉश वस्ती’ असे आपण सर्रास म्हणतो. एका अनुवादाची टीप लिहिताना मात्र या इंग्रजी विशेषणापाशी मी अडले आहे. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटींवर श्रीमंतांना येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची, म्हणजे उन्हापासून दूरची खोली मिळे व तिकिटावर ‘पोर्ट (डावी बाजू) आउट, स्टारबोर्ड (उजवी बाजू) होम’ची P.O.S.H. ही आद्याक्षरे उमटवत, ही कथा प्रसिद्ध असली तरी तसे तिकीट कोशकारांना सापडलेले नाही. मला अधिक पटते ते एकोणिसाव्या शतकातील चोरांच्या बोलीतले ‘पॉश’, म्हणजे सुटे नाणे, आणि त्यामागचा ‘अर्धा’ या अर्थाचा रोमानी, म्हणजे युरोपातील रोमा (जिप्सी) लोकांच्या भाषेतला, शब्द. रोमानी ही मराठीसारखीच भारतीय-आर्य भाषा असल्याने त्या शब्दाचे संस्कृत मूळ कोणी अभ्यासले असल्यास कृपया सांगावे. शिवाय ‘उच्चभ्रू’मध्ये ‘पॉश’चा चकचकीतपणा उतरत नाही, दुसरा शब्द सुचवाल का?