मदत हवी आहे: गाळ्याची आग, आत शिरायचं की बाहेरूनच मारायची? (उद्या सकाळी टेबलटॉप)

होजरील_१९ (रात्री ८.४२)
उद्या नऊला फायरमनची टेबलटॉप आहे, म्हणजे कागदावर दिलेल्या आगीवरची परीक्षा, उत्तर चार ओळींत हवंय. ग्राउंड प्लस वन गाळा, खाली सुताचे कोन आणि कापडाचे तागे, रात्री दोनची वर्दी, समोरच्या शटरमधून काळा धूर. पहिली गाडी आपली. ऑफेन्सिव्ह (थेट आगीवर चढाई) लिहू की डिफेन्सिव्ह (बाहेरूनच आवर घालणं)? कालच्या सरावात ऑफेन्सिव्ह लिहिलं तर सर म्हणाले "कशावरून?" मग खोडून डिफेन्सिव्ह लिहिलं, तरी "कशावरून?" रेस्क्यू, एक्स्पोजर, कन्फाइनमेंट (सुटका, शेजार वाचवणं, आग कोंडणं) ही माळ पाठ आहे, ती परत जपू नका.

तिसरी_डिलिव्हरी (८.५५)
सरांनी विचारलं तेच विचारतो. शटर किती उघडं? धूर पूर्ण उंचीतून येतोय की वरच्या भागातून? ज्वाळा दिसतात का, कुठल्या बाजूला? गाळ्याचं माप? वर स्लॅब की पत्रा? मागे दार आहे? गाडीत पाणी किती, दुसरी गाडी किती मिनिटांनी? यातलं एकही न सांगता "आत की बाहेर" विचारणं म्हणजे पेशंट न दाखवता औषध मागणं.

जुना_तांडेल (९.०३)
डिफेन्सिव्ह लिहा आणि झोपा. मालाची आग आहे, मालासाठी माणूस आत घालत नाहीत. काळबादेवीची गोकुळ निवास, ९ मे २०१५. अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. अजून काय पुरावा पाहिजे?

कोरडा_रायझर (९.११)
तांडेलसाहेब, आदर राखून सांगतो, तो दाखला इथे बसत नाही. ती जुनी, लाकडी सांगाड्याची इमारत होती. तसल्या बांधकामात वासा भिंतीत जिथे टेकतो तिथलं टोक जळलं की मजलाच खाली येतो, आणि बाहेरून ते दिसतही नाही. औद्योगिक वसाहतीतला गाळा बहुतेक आरसीसी असतो. तिथे धोका वेगळा: आतला अँगलचा पोटमाळा आणि लोखंडी रॅक. लोखंड ५५०-६०० अंशांला निम्मी ताकद गमावतं. स्लॅब टिकतो, पोटमाळा मालासकट डोक्यावर येतो. म्हणून आधी बांधकाम विचारायचं.

होजरील_१९ (९.२०)
एवढं सगळं लागतं होय? माप १२ बाय २० मीटर, उंची साडेचार. मधे आरसीसी स्लॅब, वरच्या मजल्यावर सिमेंटचा पत्रा. पोटमाळ्याचा उल्लेख नाही. शटर अर्धं उघडं, धूर शटरच्या वरच्या भागातून, खालून आतली फरशी दिसते. उजव्या हाताला शटरपासून पाच-सहा मीटरवर ज्वाळा. गाडी ४,५०० लिटर, माणसं एक अधिक पाच (मी आणि पाच जण). १२,००० लिटरचा बाउझर (पाण्याचा टँकर) पंधरा मिनिटांनी. मागे दार नाही. आता सांगा.

तिसरी_डिलिव्हरी (९.३४)
आता बोलता येतं. "फरशी दिसते" हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे आणि ते तुम्ही तिसऱ्या दमात सांगितलंत.

शटरच्या वरच्या भागातून धूर बाहेर आणि खालून हवा आत, म्हणजे एकच तोंड दोन्ही कामं करतंय. मधली रेघ नीट बघा. रेघ छातीच्या वर आणि स्थिर असेल तर आत अजून हालचालीला जागा आहे. खाली सरकत गुडघ्यापर्यंत आली तर वेळ संपत आलीय. आणि पूर्ण तोंडातून नुसता धूरच बाहेर येत असेल, हवा कुठूनच आत जाताना दिसत नसेल, तर ते दार म्हणजे आगीची चिमणी. तिथून शिरायचंच नाही.

मग धुराचा वेग. संथ वर चढणारा धूर म्हणजे उष्णता अजून भिंती-स्लॅब शोषताहेत. उकळल्यासारखा, गुठळ्या-गुठळ्यांनी जोरात फेकला जाणारा धूर म्हणजे त्यांचं पोट भरलं, फ्लॅशओव्हर (सगळी खोली एकदम पेटणं) दाराशी. रंगावर एकट्यावर जाऊ नका. पॉलिएस्टर जळताना पहिल्या मिनिटापासून काळा धूर देतं, त्यावरून आग मोठी असं ठरत नाही. धूर थांबून-थांबून येत असेल, शटर आत-बाहेर श्वास घेतल्यासारखं हलत असेल आणि काचा आतून तेलकट काळ्या दिसत असतील तर ती बॅकड्राफ्टची (हवा मिळताच कोंडलेल्या धुराचा भडका) खूण. तुमच्या प्रश्नात ती नाही.

पंप_ऑपरेटर_बारामती (९.४१)
पाण्याचा हिशोब कुणीच केला नाही. सोपं सूत्र: लांबी गुणिले रुंदी भागिले तीन. २४० भागिले ३, ८० लिटर मिनिटाला. होजरीलवर (गाडीवरची बारीक नळी) भागेल.

कोरडा_रायझर (९.४६)
😀 ८० लिटर? २४० चौरस मीटर सुतावर? अहो, ते सूत्र अमेरिकन आहे: लांबी-रुंदी फुटांत, उत्तर त्यांच्या गॅलनमध्ये. मीटर आणि लिटरमध्ये आणलं तर दर चौरस मीटरला साधारण १३.६ लिटर. पूर्ण मजला पेटला असेल तर ३,२६४ लिटर मिनिटाला. पाव मजला पेटलाय असं धरलं तर ८१६.

आयोवाचं, म्हणजे दुसरं अमेरिकन सूत्र घनफळावर आहे, घनमीटर गुणिले १.३४. तुमचे १,०८० घनमीटर, म्हणजे १,४४७ लिटर. दोन उत्तरं जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, दोघांची गृहीतकं वेगळी आहेत. परीक्षेत कुठलं वापरलं ते लिहा.

पंप_ऑपरेटर_बारामती (९.५२)
बरं, चुकलं. पण मग पुढचं मी सांगतो. ६३ मिलिमीटरची होज, २० मिलिमीटरचा नॉझल, ब्रँचवर (होजच्या टोकाची हातात धरायची नळी) ७ बार: मिनिटाला ७०० लिटर. ८१६ ला एक ब्रँच थोडी कमी पडते, दोन लावल्या तर १,४००. मग ४,५०० लिटर तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. बाउझर पंधराव्या मिनिटाला. मधली बारा मिनिटं काय करणार? एका ब्रँचवरसुद्धा सहा मिनिटांत टाकी कोरडी. म्हणून नळ सोडल्यासारखं सलग मारायचं नाही. २०-३० सेकंद, बंद, बघा. अर्ध्या मिनिटाला ३५० लिटर जातात. आणि एवढ्या पाण्याला होजचा दाब-तोटा १५ मीटरच्या प्रत्येक तुकड्याला अंदाजे ०.३५ बार. चार तुकडे असतील तर पंपावर साडेआठ ठेवा. ब्रँचचा मागे रेटा ४४० न्यूटन, म्हणजे ४५ किलोच्या घरात. एकट्याच्या हातात देऊ नका.

जवळ हायड्रंट (आगीसाठीचा पाण्याचा नळ) नाही का?

होजरील_१९ (९.५८)
हायड्रंट नाही. नकाशात शेजारच्या गाळ्याची जमिनीखालची टाकी दाखवलीय, २०,००० लिटर. तो मुद्दा आहे का?

पंप_ऑपरेटर_बारामती (१०.००)
मुद्दा आहे का!! गाडी उभी करायची जागाच त्यावर ठरते. सक्शन होज (टाकीतून पाणी ओढणारी नळी) पोचेल अशी लावा, झाकण उघडून पाण्याची पातळी बघा. सहा-सात मीटरपेक्षा खोल असेल तर सक्शन धरणार नाही. तिच्या टोकाची जाळी, स्ट्रेनर, तळाला टेकवू नका, गाळ ओढतो.

जुना_तांडेल (१०.०८)
ते सगळं ठीक. मागच्या खिडक्या फोडा, धूर काढा, दिसायला लागलं की आपोआप कळतं कुठे मारायचं. आमच्या वेळी कॅमेरे नव्हते.

तिसरी_डिलिव्हरी (१०.१५)
इथेच वाद घालतो. खिडकी फोडली की धूर जातो तसा वाराही येतो. अशी आग लाकूड-कापसाच्या जुन्या आगीसारखी इंधनावर अडलेली नसते, हवेवर अडलेली असते. पाणी तयार नसताना खिडकी उघडली तर शटरमधून आत, आगीवरून, खिडकीतून बाहेर असा सरळ मार्ग तयार होतो, आणि त्या मार्गावर जो उभा तो भाजतो. आधी पाणी, मग उघडणं. आपल्याकडचे पत्रे-खिडक्या नीट बंद होत नाहीत हे खरं, पण म्हणून अजून एक भोक पाडायचं कारण नाही.

जुना_तांडेल (१०.१९)
आणि बाहेरून पाणी मारलं की आग आत ढकलली जाते, हे शिकवलं नाही का कुणी?

कोरडा_रायझर (१०.२७)
शिकवलं, आणि ते अर्धं खरं आहे. ढकललं जातं ते फवाऱ्याने. रुंद फॉग लावून शटरच्या पूर्ण तोंडावर धरलात तर तो हवा ओढत आत नेतो आणि धुराची बाहेर यायची वाट बुजवतो. वाफ आणि उष्णता मग आतच फिरते. सरळ जेट, शटरच्या खालच्या भागातून, उभ्या कोनात स्लॅबवर मारा. ब्रँच फिरवू नका, एका जागी धरा. पाणी स्लॅबला आपटून थेंबांनी मालावर पडतं आणि वरचा भाग तोंड म्हणून मोकळा राहतो. वीस-तीस सेकंदांत काळा धूर पांढुरका झाला, त्याचा जोर मोडला, तर समजा जिथे लागायचं तिथे लागलं.

सोसायटी_सेक्रेटरी (१०.३१)
छान चर्चा. आमच्या सोसायटीत आग विझवायचे सहा किलोचे एबीसी सिलिंडर आहेत, काटा हिरव्यात आहे, तरी एजन्सी म्हणते बदला. बदलावे का? आणि फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला) जानेवारीतच द्यायचा का जुलैतही?

कोरडा_रायझर (१०.३३)
दोन्ही वेळा, जानेवारी आणि जुलै. बाकीचं वेगळ्या धाग्यावर घ्या, इथे एकाची परीक्षा आहे.

पाणी_तापलं (१०.३५)
बंब म्हटलं की आमच्या घरी अजून अंघोळीचं पाणी आठवतं. अग्निशमन वाहन म्हणणाऱ्यांनी हात वर करा.

होजरील_१९ (१०.४०)
विषयावर राहा हो! मग बाहेरून जेट, मग आत, हे लिहितो. वीज महावितरणला कळवून तोडली असंही लिहीन. वरच्या मजल्याचं काही करायचं नाहीये, तिथे नुसते सहा कामगार झोपतात, जिना आतूनच आहे. खालचा माल विझवणं हा मुख्य...

तिसरी_डिलिव्हरी (१०.४१)
थांबा.

जुना_तांडेल (१०.४२)
"नुसते सहा कामगार"?? दोन तास आम्ही मालावर बोलतोय. माझं डिफेन्सिव्ह मागे घेतो.

तिसरी_डिलिव्हरी (१०.४४)
जिना कुठल्या कोपऱ्यात? पायथ्याशी दार आहे? वरच्या खिडक्या कुठल्या बाजूला, ग्रिल आहे का? वर स्वयंपाक करतात का? खिडकीत कुणी दिसतंय का, आवाज?

होजरील_१९ (१०.५०)
जिना मागच्या डाव्या कोपऱ्यात, दार नाही. वर मागच्या भिंतीत दोन खिडक्या, काचा बंद, लोखंडी ग्रिल. एका खिडकीत हात हलतोय असं चित्रात आहे. पाच किलोचा गॅस सिलिंडर असं बारीक अक्षरात. मला वाटलं ते नुसतं वातावरण आहे.

तिसरी_डिलिव्हरी (११.०८)
प्रश्नपत्रिकेत वातावरण नसतं, भाऊ.

जिन्याला दार नाही, म्हणजे जिनाच धुराचं धुराडं. त्या वाटेने वर जायला शटरपासून वीस मीटर आगीला वळसा घालायचा. पाण्याशिवाय ती वाट नाही. सुटका मागून, शिडीने. पण पाणी समोरून आणि शिडी मागून हे एकाच वेळी चाललं पाहिजे, कारण खाली आग दबली की वरची हवा सुधारते. समोरचं पाणी हेच सुटकेचं पहिलं काम आहे.

माणसं मोजा. तुम्ही, पंपावर एक, उरले चार. दोघे ब्रँचवर, दोघे शिडी आणि कटरवर. आत शिरायला माणूस उरतच नाही, आणि बाहेर राखीव जोडी नसताना बीए (श्वसनयंत्र) लावून कुणाला आत पाठवायचंही नाही. दुसरी गाडी येईपर्यंत आत नाही, हे "कशावरून?" चं उत्तर झालं. जादा मदत आणि रुग्णवाहिका पहिल्याच संदेशात मागा.

आता खिडकी. वरचा उंबरा साधारण साडेपाच मीटरवर, शिडीचा पाय भिंतीपासून १.४ मीटर. शिडीचं टोक ग्रिलवर टेकवू नका, कापलं की शिडीसकट सुटेल. खिडकीच्या बाजूला भिंतीवर टेकवा. ग्रिल कापताना आधी खालचे गज, मग बाजूचे, वरचे शेवटी, म्हणजे ग्रिल खाली लोंबतं, अंगावर येत नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या आत जाऊ देऊ नका, हायड्रॉलिक कटर असेल तर तोच. ग्रिल कापलं तरी काच लगेच फोडायची नाही. समोरच्या ब्रँचला सांगा, "पाणी", धूर पांढुरका झाल्याचं उत्तर आलं की एकच खिडकी उघडा. नाहीतर तांडेलसाहेबांवर मघाशी ज्यासाठी ओरडलो तेच घडेल: शटर, आग, जिना, सहा माणसं, खिडकी, एका सरळ रेषेत.

कोरडा_रायझर (११.१५)
भर घालतो. सिमेंटचा पत्रा तापला की फटाक्यासारखा तडकून तुकडे उडतात, म्हणून छतावर कुणी नाही. दुसरी गाडी आल्यावर जी जोडी वर शोधायला जाईल तिच्या हवेचा हिशोब: ६ लिटर सिलिंडर ३०० बारला १,८०० लिटर. पुस्तकी मिनिटाला ४० लिटरच्या हिशोबाने ४५ मिनिटं, पण जिना चढून माणूस ओढणारा ६० तरी घेतो. हवा संपत आल्याची शिट्टी वाजते ते ५५ बार बाजूला काढले की चोवीस मिनिटं. टॅली (आत गेलेल्याच्या नावाची पट्टी) दारावर.

रंगारी (११.१९)
सुताचा गाळा आहे तर कोपऱ्यात हायड्रोसचे (रंगकामात वापरायची पावडर) ड्रम आहेत का बघा. त्यावर चार थेंब पाणी पडलं तर तापतं आणि गंधकाचा विषारी वायू सोडतं. वाळूने विझत नाही, त्याला बाहेरची हवा लागतच नाही. भरपूर पाणीच लागतं.

होजरील_१९ (११.२४)
ड्रम नाहीत, खरंच. हे लिहितोय, बघा:
"ऑफेन्सिव्ह, सुरुवात बाहेरून. कारण: वर माणसं दिसताहेत, आग खालच्या मजल्याच्या पाव भागात, बांधकाम आरसीसी. ब्रँच एक, सरळ जेट, शटरखालून स्लॅबवर, ३० सेकंद. त्याच वेळी मागून शिडी, ग्रिल कापून तयार, पाण्याच्या इशाऱ्यानंतर एक खिडकी. सक्शन शेजारच्या टाकीत. दीड मिनिटात आग दबली नाही किंवा स्लॅबचे पापुद्रे पडू लागले तर ब्रँच मागे, इमारत ८ मीटर म्हणून १२ मीटरवर, तिथूनच पाणी चालू. शिडी शेवटचा माणूस उतरेपर्यंत. मग डोकी मोजणे."

जुना_तांडेल (११.३१)
चांगलं आहे. शटरला टेका कुठे लिहिलाय? अर्धं उघडं शटर, वरची स्प्रिंग तापतेय. खाली आलं तर होज चेपली जाईल, ब्रँच कोरडी. शटरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत खालून लाकडी ओंडका नाहीतर पाना अडकवा, मगच पुढे.

होजरील_१९ (११.३३)
लिहिला. ओंडका गाडीत असतो का, ते सकाळी बघतो.