'नॉट!' हे विनोदवाल्यांचं अपत्य नव्हे

खोपोली लोकल (धागाकर्ता):
काल इथे एकांनी ठणकावून लिहिलं की अमेरिकी विनोदी कार्यक्रमांनी इंग्रजी नासवली. उदाहरणं दिली 'नॉट!', 'अ‍ॅज इफ!' आणि 'व्हॉटेव्हर'. म्हणे चार विनोदवीर बसून टोमणे घडवतात आणि अख्खी पिढी उद्धट होते. एवढं वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

'नॉट!'चंच घ्या. आधी गोडगोड वाक्य पुरं करायचं, क्षणभर थांबायचं आणि शेवटच्या एका शब्दाने ते उलटं पाडायचं. 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या अमेरिकी विनोदी कार्यक्रमातल्या 'वेन्स वर्ल्ड' या प्रहसनाने हे घरोघरी नेलं, १९९२ मध्ये त्यावर सिनेमा आला आणि त्याच वर्षासाठी अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या भाषा-अभ्यासकांच्या संस्थेने 'नॉट!'ला वर्षाचा शब्द ठरवलं. पण याच कार्यक्रमात स्टीव्ह मार्टिनने १९७८ मध्येच हा प्रकार केला होता. आणखी मागे जा. १९०५ सालची एलिस पार्कर बटलरची 'पिग्ज इज पिग्ज' ही कथा. पार्सल कचेरीतला फ्लॅनरी गिनिपिगांच्या भाड्यावरून कावलेला आहे. वरून हुकूम येतो, गिऱ्हाइकाकडून पैसे वसूल कर. तो स्वतःशीच गिऱ्हाइकाची नक्कल करतो, 'अवश्य, मित्रा फ्लॅनरी, आनंदाने!' आणि लगेच म्हणतो, 'नॉट!' रेडिओसुद्धा घरात आला नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

'अ‍ॅज इफ'चंही (म्हणजे 'कसलं काय!') तेच. सगळे १९९५ च्या 'क्लूलेस' सिनेमाचं नाव घेतात. फ्रँक नॉरिसच्या १९०३ मधल्या 'द पिट' कादंबरीत एकजण म्हणते, तो येऊन बोलेल आपल्याशी, आणि लॉरा फटकारते, 'ओ, अ‍ॅज इफ!' विनोदवाले लोकांच्या तोंडचं उचलतात. ते बनवत नाहीत.

ठाणेकर:
कालचं मीच लिहिलं होतं. एक विचारतो. 'पिग्ज इज पिग्ज' ही कसली कथा आहे? विनोदी! तुमचा सगळ्यात मोठा पुरावा माझ्याच बाजूचा निघाला.

आणि उगम कुठेही असो, फैलाव कोणी केला? ब्रिटनचं बघा. कॅथरीन टेटच्या कार्यक्रमातली शाळकरी लॉरेन 'अ‍ॅम आय बॉव्हर्ड?', म्हणजे 'मला काय फरक पडतो?', म्हणायची. २००६ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशवाल्यांनी 'बॉव्हर्ड'ला ब्रिटनमधला वर्षाचा शब्द केलं. २००७ मध्ये कॉमिक रिलीफ या मदतनिधीच्या कार्यक्रमात खुद्द पंतप्रधान टोनी ब्लेअर तिच्यासमोर तेच बोलले. शिक्षकाला उडवून लावणारं वाक्य देशाचा पंतप्रधान हसतहसत म्हणतो, तर पोरांनी काय शिकायचं?

खोपोली लोकल:
कथा विनोदी आहे, कबूल. हे मी आधीच लिहायला हवं होतं. पण 'द पिट' शिकागोच्या गव्हाच्या सट्ट्यावरची गंभीर कादंबरी आहे. तिचं उत्तर द्या.

एडिसनची आई:
तुमचं १९०३ आणि १९०५ चालू द्या. मी घरातलं सांगते.

माझी लेक तेरा वर्षांची. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. गुडघे दुखत असताना उभं राहून त्यांनी कडबोळी तळली आणि म्हणाल्या, 'बाळा, गरम आहेत तोवर खा.' ही फोनमधून मान वर न करता म्हणाली, 'व्हॉटेव्हर, आजी.' सासूबाईंनी मला अर्थ विचारला. मी सांगितलं, 'तुम्ही म्हणाल तसं.' धडधडीत खोटं बोलले. त्यांनी ताट झाकून ठेवलं आणि आत जाऊन पडल्या. शब्द कळला नव्हता, सूर कळला होता.

हा सूर आमच्या घरात कुठून आला? आम्ही दोघं असं बोलत नाही. ती दिवसभर जुन्या मालिकांचे तुकडे बघते, तिथूनच आला.

वऱ्हाडी:
ताई, तेरा वर्षांचं पोरगं कोणत्याही भाषेत असंच बोलते. माह्या पुतण्या अमरावतीत मराठी शाळेत हाय, एकही इंग्रजी मालिका पाहत नाही. आजीले म्हणते, 'काहीही हं!' त्याचं काय करता?

एडिसनची आई:
'काहीही हं'ची बरोबरी करू नका! मालिकेतली जान्हवी ते श्रीला लाडाने म्हणायची. त्यात माया आहे. 'व्हॉटेव्हर'मध्ये 'तू बोललीस काय, न बोललीस काय' एवढंच आहे. आणि माझ्या लेकीला 'कोणतंही पोरगं' म्हणू नका. तुम्ही त्या स्वयंपाकघरात नव्हता.

वऱ्हाडी:
मी तुमच्या लेकीले काही म्हटलं नाही. पण आज ते कोण लाडाने म्हणते? ऑफिसात साहेबाच्या मागे म्हणतात, पुढाऱ्याच्या आश्वासनावर म्हणतात.

खोपोली लोकल:
हेच तर म्हणतोय! 'होणार सून मी ह्या घरची' ही विनोदी मालिका होती का? प्रेमकथा होती. तिच्यातलं लाडाचं वाक्य लोकांनी उचललं आणि त्याचा टोमणा केला. कोणा विनोदी लेखकाने नाही, तुम्हीआम्ही केला.

ठाणेकर:
मूळ प्रश्न इंग्रजीचा होता, तुम्ही जान्हवीवर घसरलात. माझ्या प्रश्नाला बगल देऊ नका.

एडिसनची आई:
घसरू द्या. मला जान्हवीबद्दलच बोलायचंय. लाडाचा शब्द टोमणा होतो, तसा टोमण्याचा पुन्हा लाड होतो का? कोणी पाहिलंय?

उपशीर्षकवाला:
इंग्रजी मालिकांची मराठी उपशीर्षकं लिहिण्यावरच माझं पोट आहे, म्हणून बोलतो. मला मिळालेल्या एका जुन्या फाइलमध्ये 'अ‍ॅज इफ!'खाली आधीच्या माणसाने 'जणू काही' लिहिलं होतं. पोरगी मुलाला झिडकारतेय आणि खाली 'जणू काही'! मी 'स्वप्नात!' केलं. वरून उलट शेरा आला, मूळ शब्दाशी जुळत नाही. दोन ओळींची जागा, दोनतीन सेकंदांचा वेळ आणि ज्यांना सूर ऐकू येत नाही असे तपासणारे. शब्दकोश उघडून टोमणा तपासतात! या लोकांनी मराठी संवादांची जेवढी वाट लावली तेवढी कुठल्याच विनोदी मालिकेने लावली नाही.

'फ्रेंड्स'मधल्या चँडलरचं 'कुड इट बी एनी मोअर' बघा. सगळा टोमणा 'बी'वरच्या जोरात आहे. मराठीत जोर द्यायला आपला 'च' आहे. 'अजूनच उशिरा यायचंस ना!' जोर कागदावरही दिसतो. आणि धागाकर्त्यांना एक देतो. चँडलरचं काम करणाऱ्या मॅथ्यू पेरीने २०२२ च्या आत्मकथनात लिहिलंय की बोलायची ही ढब लहानपणी ओटावात, शाळेतल्या दोन मित्रांबरोबर तयार झाली. मालिकेने ती घडवली नाही.

ठाणेकर:
पुढचंही सांगा ना! त्याच माणसाला शेवटच्या काही हंगामांत ती ढब नकोशी झाली होती. तसं बोलणं बंद करू द्या म्हणून त्याला निर्मात्यांची विनवणी करावी लागली. दोन पोरांची गंमत शाळेतच राहिली असती तर जगभर कोणाला ठाऊक झाली असती? तुम्ही बी दाखवताय, मी शेत दाखवतोय.

खोपोली लोकल:
फैलाव त्यांनी केला, हे मी नाकारलेलंच नाही. 'घडवतात' हा तुमचा शब्द होता. तो मागे घ्या.

एडिसनची आई:
उपशीर्षकवाले, तुम्ही असता तर सासूबाईंना काय सांगितलं असतं?

उपशीर्षकवाला:
'बरं' लिहिलं असतं. पडद्यावर तिची न उचललेली मान दिसते, बाकीचं काम ती मान करते. पण ताई, मी अनोळखी माणसांसाठी लिहितो. सासूबाई समोर उभ्या असत्या तर मीही तुमच्यासारखंच बोललो असतो.

ठाणेकर:
'घडवतात' मागे घेतो. 'द पिट'पुरतं. ब्लेअरबद्दल अजून कोणीच बोललेलं नाही.