‘येशू हवा, मंडळी नको’ म्हणणाऱ्यांना

कोपऱ्यातला_बाक: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘माझा तारणारा वैयक्तिक आहे, मला मंडळीची, म्हणजे चर्चची, गरज नाही.’ त्याखाली आमेनचा पाऊस! रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, प्रभूने शिकवलेली प्रार्थनाच ‘आमच्या पित्या’ म्हणून सुरू होते. आमची भाकर, आमची ऋणं. अख्ख्या प्रार्थनेत ‘मी’ सापडला तर सांगा. कार्थेजचा सिप्रियन तिसऱ्या शतकात म्हणून गेलाय, मंडळी ज्याची आई नाही त्याचा देव बाप नाही. आणि बाप्तिस्म्याचं काय? स्वतःच्या डोक्यावर स्वतःच तांब्या ओतणार?

वाटसरू: ती पोस्ट माझी. बायबलमधलं पौलाचं पत्र, गलती २:२० उघडा. ‘ज्याने माझ्यावर प्रीती केली.’ माझ्यावर! पौलाला ‘आमच्यावर’ लिहिता येत नव्हतं? सिप्रियन बिशप होता, बिशप दुसरं काय म्हणणार! १५२१ मध्ये जर्मनीत वर्म्सला धर्मसुधारक ल्यूथर आपल्या मतांसाठी सम्राटापुढे उभा राहिला तेव्हा कुठे होती तुमची मंडळी?

कोपऱ्यातला_बाक: एकटा उभा राहिला, एकटा राहिला नाही. नंतर गीतं लिहिली ती सगळ्यांनी मिळून गावीत म्हणूनच ना?

सुईदोरा: ‘मंडळी म्हणजे ख्रिस्ताचं एक शरीर’ म्हणणाऱ्यांनी आधी प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीचं, तबक बघावं. भोकाभोकांत बसवलेले चिमुकले पेले, ज्याचा त्याला. हे १८९० च्या दशकात अमेरिकेत जंतूंच्या भीतीने सुरू झालं. ‘मी आणि माझा येशू’ शिकवायला प्रवचन लागलंच नाही, पेल्यांनी काम केलं.

वेदीमागची: जरा थांबा. माझ्या आईला क्षय झाला तेव्हा आमच्याकडे एकच प्याला होता. ती मुद्दाम रांगेत शेवटी जायची, तरी पुढची बाई वळून बघायचीच. पेले आले त्या रविवारी ती पहिल्यांदा सगळ्यांच्या मध्ये बसली. आता सांगा, कोणत्या प्याल्याने माणसं जोडली?

सुईदोरा: मग भाकर बुडवून घ्यावी. पूर्वेकडच्या मंडळ्यांत चमच्याने देतात.

दगडी_पायरी: चमचाही सगळ्यांना एकच असतो हो! आणि पेल्यांवर भांडताय, पण आत द्राक्षारसाऐवजी सरबत असतं त्यावर कुणी बोलणार आहे का?

सुईदोरा: आलं सरबत. दर धाग्यात येतं.

वाटसरू: चालू द्या तुमचं. मी मंडळी का सोडली ते सांगतो. नोकरी गेली, चार महिने घरी बसून होतो. १ करिंथ १२ म्हणतं, एक अवयव दुखावला की सगळे दुखावतात. कुणाला दुखलं? मंडळीकडून एकच निरोप आला, वर्गणी थकल्याचा.

कोपऱ्यातला_बाक: हे वाईटच. पण येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्यावरून चौथ्या शतकात बेसिल या बिशपने एकांतात राहणाऱ्यांना विचारलं होतं, एकटे राहता, मग पाय कुणाचे धुणार?

वाटसरू: माझे धुवायला कोण आलं होतं?

कोपऱ्यातला_बाक: बरं बाबा. आमच्याकडूनही कुणी आलं नसतं, हे कबूल. तरी इब्री १०:२५ खोडता येत नाही. एकत्र जमणं सोडू नका.

वाटसरू: मत्तय १८:२० पण खोडता येत नाही. दोघे-तिघे पुरतात. मी आणि बायको.

दगडी_पायरी: भांडण झालं की मंडळीत फूट?

वेदीमागची: पाय धुणारे बरेच दिसतात इथे. तबकात चाळीस पेले असतात, तळाला वाळलेला थेंब नखाने खरवडावा लागतो. अकरा वर्षं मी एकटी धुतेय. तेव्हा कुठे जातं तुमचं एक शरीर?