अणुभट्टी बंद असताना शीतकरण खंडित होऊ नये म्हणून नेमके काय केले जाते?

ऊष्मागती (प्रश्न):

नमस्कार. मी यांत्रिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकतो आणि ऊष्मासंक्रमण हा माझ्या आवडीचा विषय आहे. नियंत्रण दांडे आत गेले आणि साखळी प्रक्रिया थांबली, तरी विखंडनातून उरलेल्या किरणोत्सारी द्रव्यांची क्षयउष्णता चालूच राहते, हे मला ठाऊक आहे. भट्टी बंद होताच ती पूर्ण औष्णिक शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते, तासाभराने सुमारे दीड टक्का आणि दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. परंतु दुरुस्तीच्या काळात यंत्रणेत दाब नसतो आणि पाणी कोमट असते. असे असताना शीतकरण खंडित होण्याची एवढी धास्ती का बाळगली जाते, आणि ते टाळण्यासाठी प्रत्यक्षात कोणती व्यवस्था असते? दाबित पाण्याच्या भट्ट्यांविषयी कोणी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

पाळीप्रमुख:

आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी अशा भट्ट्यांच्या नियंत्रण कक्षात बरीच वर्षे पाळीवर काढली आहेत, आणि पूर्ण शक्तीवर चालणाऱ्या भट्टीपेक्षा अर्धवट रिकामी केलेल्या भट्टीसमोर बसताना मला अधिक सावध राहावे लागले आहे.

आधी हिशेब पाहा. ३,००० मेगावॅट औष्णिक शक्तीची भट्टी बंद होऊन पाच दिवस झाले, तर क्षयउष्णता साधारण ९ मेगावॅट उरते. भट्टीपात्र उघडून वरचा इंधनभरणी हौद काठोकाठ भरलेला असेल आणि एकूण पाणी १,४०० टन धरले, तर शीतकरण थांबल्यानंतर ते ४० अंशांवरून उकळीपर्यंत जायला जवळजवळ अकरा तास लागतात. मात्र बाष्पजनकांच्या, म्हणजे भट्टीच्या उष्णतेने वाफ बनवणाऱ्या पात्रांच्या, नळ्या तपासण्यासाठी पाणी उतरवून हॉट लेगच्या, म्हणजे भट्टीतून बाहेर पडणाऱ्या मोठ्या नळाच्या, मध्यापर्यंत आणले आणि ६० टनच उरले, तर तेवढीच उष्णता त्याला अठ्ठावीस मिनिटांत उकळवते. प्रत्यक्षात सगळे पाणी एकसारखे तापत नाही, गाभ्यातले, म्हणजे जिथे इंधन असते तिथले, आणि त्याच्या वरचे आधी तापते, म्हणून हाती असलेला वेळ याहूनही कमी धरावा लागतो. टक्का लहान दिसतो हे खरे, पण त्याच्यासमोर पाणी किती आहे यावर सगळे ठरते.

दुसरी अडचण पंपाची आहे. क्षयउष्णता काढणारा पंप त्याच हॉट लेगच्या तळातून पाणी ओढतो. नळाचा आतला व्यास पाऊण मीटरच्या आसपास असतो आणि तोही अर्धाच भरलेला असतो. पातळी काही सेंटिमीटर खाली गेली किंवा प्रवाह जास्त ठेवला, की ओढणाऱ्या तोंडावर भोवरा तयार होतो, हवा आत शिरते आणि पंप पाणी धरेनासा होतो. राखीव पंपही त्याच तोंडातून ओढत असेल, तर कारण न शोधता तो सुरू करणे म्हणजे त्यालाही हवा पाजणे होय.

१० एप्रिल १९८७ रोजी अमेरिकेतील डायब्लो कॅन्यनच्या दुसऱ्या भट्टीत हेच घडले. भट्टी बंद होऊन सातच दिवस झाले होते. चाचणीच्या एका कामात गळक्या व्हॉल्व्हमधून पाणी निघून जात राहिले, पातळी दाखवणारी तात्पुरती व्यवस्था खरे सांगत नव्हती आणि पंपांत हवा गेली. पात्राचे झाकण काढण्याच्या तयारीत गाभ्याच्या वरचे तापमापक आधीच सोडवलेले होते, त्यामुळे पाणी तापत असूनही नियंत्रण कक्षाला ते दिसत नव्हते. सुमारे दीड तास शीतकरण नव्हते आणि पाणी उकळले. इंधनाला इजा झाली नाही. त्यानंतर अमेरिकी नियामकाने १९८८ मध्ये दाबित पाण्याच्या भट्ट्यांच्या सर्व केंद्रांना ज्या गोष्टी करायला लावल्या, त्या याच प्रसंगातून आल्या होत्या: पाणी कमी असताना पातळीची दोन स्वतंत्र मापे, गाभ्याच्या तोंडाशी तापमानाची दोन स्वतंत्र मापे, पाणी घालण्याचे आणखी दोन मार्ग, आणि गाभा पाण्याबाहेर उघडा पडण्याच्या आत भट्टीभोवतीची संरक्षक इमारत हवाबंद करता येईल अशी तयारी.

पातळीविषयी थोडे अधिक लिहितो. पारदर्शक नळीने पातळी पाहणे सोपे वाटते, पण नळीला कुठे पीळ पडला, मध्ये हवेचा बुडबुडा अडकला किंवा वरच्या टोकाचा दाब पात्रातल्या दाबाशी जुळत नसला, तर ती नळी शांतपणे चुकीचा आकडा दाखवत राहते. आमच्याकडे एका बंदकाळात दोन मापांत हाताच्या वितीएवढा फरक आला, तेव्हा पाणी उतरवणे तिथेच थांबवून फरकाचे कारण सापडेपर्यंत कोणालाही पुढे जाऊ दिले नाही. त्या रात्री काम सहा तास मागे पडले आणि मला त्याचा कधीही पश्चात्ताप झाला नाही.

वीजवाहिनी:

पाळीप्रमुखांनी पाण्याची बाजू मांडली, मी विजेची मांडतो, कारण बंदकाळात डिझेल जनरेटर, ट्रान्सफॉर्मर आणि बसबार (वीज वाटणाऱ्या जाड धातुपट्ट्या) यांचीही देखभाल निघते आणि राखीव व्यवस्था नेमकी त्याच वेळी पातळ होते. २० मार्च १९९० रोजी अमेरिकेतील व्होग्टल केंद्राच्या पहिल्या भट्टीत पाणी हॉट लेगच्या मध्यापर्यंत उतरवलेले होते, एक डिझेल दुरुस्तीसाठी उघडलेला होता आणि एक राखीव ट्रान्सफॉर्मरही कामावर नव्हता. स्विचयार्डात, म्हणजे बाहेरच्या वीजवाहिन्या केंद्राला जोडणाऱ्या आवारात, इंधन व वंगण वाहून नेणारा ट्रक मागे घेताना वाहिनीच्या आधारखांबावर आदळला. बाहेरची वीज गेली, उरलेला डिझेल सुरू होऊन बंद पडला, पुन्हा सुरू होऊन पुन्हा बंद पडला. ३६ मिनिटांनी तो टिकला, तोवर पाणी ३२ अंशांवरून ५८ अंशांवर गेले होते.

९ फेब्रुवारी २०१२ रोजी दक्षिण कोरियातील कोरी केंद्राच्या पहिल्या भट्टीत इंधनभरणीच्या काळात बाहेरची वीज गेली आणि डिझेल सुरूच झाला नाही. बारा मिनिटांत पाणी सुमारे २१ अंशांनी तापले. ही घटना महिनाभर दडवून ठेवली गेली. माझ्या मते तो भाग बिघाडाहून गंभीर होता, कारण दडवलेल्या घटनेतून दुसऱ्या केंद्राला काहीच शिकता येत नाही.

म्हणून आज चांगल्या केंद्रांत बंदकाळाचे वेळापत्रक आखतानाच एक अट घातली जाते: पाणी कमी असलेल्या दिवसांत एकाही डिझेलची दुरुस्ती, स्विचयार्डातील एकही काम आणि शीतकरणाच्या दुसऱ्या, राखीव शाखेवरच्या कामाचे एकही परवानापत्र मंजूर करायचे नाही. चालू असलेल्या शाखेचे पंप व स्विचगिअर (वीज चालू-बंद करणारी कपाटे) दोरीने वेढून त्यावर फलक लावतात, म्हणजे शेजारच्या खोलीत काम करणारा माणूस चुकून तिथे हात घालणार नाही. व्होग्टलनंतर स्विचयार्डात वाहन नेण्यावरही कडक बंधने आली.

ऊष्मागती:

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका राहिली. वीज नसली तरी इंधनभरणीच्या पाण्याची टाकी उंचावर असते. तिच्यातून गुरुत्वाकर्षणाने पाणी सोडले तर प्रश्न सुटत नाही का?

पाळीप्रमुख:

अनेकदा सुटतो, आणि लागणारे पाणीही फार नसते. ९ मेगावॅट उष्णता पाण्याची वाफ करून न्यायची, तर सेकंदाला सुमारे ४ किलो पाणी पुरते, म्हणजे तासाला १४ टन. परंतु यंत्रणेला वाफ बाहेर पडायला पुरेशी मोठी वाट हवी. झाकण बसवलेले आणि वाट अरुंद असेल, तर वाफेने आतला दाब चढतो. टाकीच्या दहा मीटर उंचीचा दाब जेमतेम एक वातावरण असल्यामुळे तेवढा उलट दाब आला की प्रवाह थांबतो.

याहून वाईट स्थिती बाष्पजनकाच्या कामातून निर्माण होते. आत माणसे जाण्यासाठी नळांच्या तोंडांवर तात्पुरती बुचे बसवतात. सर्व हॉट लेगना बुचे लावली आणि कोल्ड लेगच्या, म्हणजे भट्टीत पाणी परत आणणाऱ्या नळाच्या, बाजूला एखादे दार उघडे राहिले, तर गाभ्यावर अडकलेली वाफ पाण्याला खाली दाबते आणि ते त्या उघड्या दारातून बाहेर ढकलते. अशा वेळी गाभा उघडा पडायला उकळून आटण्याइतका वेळही लागत नाही. म्हणून बुचे लावण्याचा आणि काढण्याचा क्रम ठरलेला असतो, आणि वाफेची वाट मोकळी आहे हे गणिताने दाखवल्याशिवाय शेवटच्या हॉट लेगचे बूच लावू देत नाहीत.

आणखी एक उपाय पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इंधन आधी पूर्ण काढून साठवण हौदात नेले आणि मगच पाणी उतरवले, तर मध्यपातळीचा प्रश्नच उरत नाही. बंदकाळ लांबतो, पण आता अनेक केंद्रे हाच मार्ग धरतात.

वीजवाहिनी:

त्या मार्गाला एक पुरवणी जोडतो. इंधन बाहेर नेले तरी त्याची उष्णता त्याच्याबरोबर जाते. १० एप्रिल २००३ रोजी हंगेरीतील पाक्श केंद्राच्या दुसऱ्या भट्टीजवळ, पाण्याखाली ठेवलेल्या स्वच्छता टाकीत ३० इंधन जुडगे (इंधन-नळ्यांचे गठ्ठे) होते. सफाई संपल्यावर कमी प्रवाहाच्या पंपावर ते तासन्तास राहिले, पाणी जुडग्यांना वळसा घालून निसटत होते आणि टाकीच्या वरच्या भागात वाफ साठली. झाकण उघडताच थंड पाणी इंधन-नळ्यांच्या तापलेल्या आवरणांवर कोसळले आणि सर्व जुडग्यांना इजा झाली. चहूबाजूंनी पाणी होते, पण ते इंधनातून वाहत नव्हते. त्यामुळे जुडगे ज्या भांड्यात ठेवले जातील, त्या प्रत्येक भांड्यासाठी उकळीपर्यंतचा वेळ वेगळा काढून तो पाळीच्या नोंदवहीत लिहावा, आणि पंप बदलला की तो पुन्हा काढावा.