आर्ग्युमेंट पार्सरला टाइप इन्फरन्स जोडताना अडकलोय, टाइपस्क्रिप्टवाल्यांनी बघा जरा

दोनडॅश (प्रश्न)

टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप तपासणारी जावास्क्रिप्ट) कमांड लाइन आर्ग्युमेंट, म्हणजे प्रोग्राम चालवताना दिलेले "--पोर्ट" सारखे ऑप्शन, पार्स करणारी छोटी लायब्ररी लिहिलीय, रनटाइमला छान चालते. पण पार्स केल्यावर हातात जो ऑब्जेक्ट येतो त्याच्या टाइपमध्ये की (key, नाव) कुठलीही स्ट्रिंग आणि व्हॅल्यू एनी, म्हणजे काहीही चालेल असा टाइप, त्यामुळे कोणी "पोर्ट" ऐवजी "प्रोट" लिहिलं तरी कंपायलर गप्प बसतो आणि चूक कळते ती थेट प्रोग्राम चालवल्यावर. मला हवंय असं की ऑप्शन एकदा सांगितला की टाइप आपोआप निघावा (यालाच टाइप इन्फरन्स म्हणतात). वेगळा इंटरफेस लिहायला लावायचा नाहीये, कारण ऑप्शन बदलतो आणि इंटरफेस तसाच राहतो, हे खूपदा बघितलंय.

ऑप्शन मेथड जेनेरिक (टाइपच पॅरामीटर म्हणून घेणारी) करून पाहिली, पण एकाखाली एक वेगळ्या ओळीत कॉल केले की टाइप पहिल्या ओळीत होता तोच राहतो. आणि "--लेव्हल" ला डीबग, इन्फो, एरर एवढेच चालतील म्हणून ॲरे देतो तर बाहेर नुसतं स्ट्रिंग येतं. कसं करायचं?

चेनबिल्डर

पहिल्याचं कारण सोपंय, व्हेरिएबलचा टाइप तो डिक्लेअर होतो तिथेच ठरतो, नंतर त्याच्यावर मेथड कॉल केली म्हणून तो वाढत नाही. वाढलेला टाइप असतो रिटर्न व्हॅल्यूमध्ये. म्हणून प्रत्येक ऑप्शन कॉलने "आधीचे सगळे अधिक हा एक" असा नवा पार्सर टाइप परत करायचा आणि युजरने चेन करायची, म्हणजे एका कॉलच्या रिटर्नवरच पुढचा कॉल. डॉक्युमेंटेशनमध्ये हे अगदी वरती लिही, नाहीतर सगळे तुझ्यासारखेच अडकणार. एडिटरमध्ये माउस नेल्यावर इंटरसेक्शनची (एकत्र जोडलेल्या टाइपांची) लांबच लांब माळ दिसेल, ती शेवटी एका मॅप्ड टाइपमधून (प्रत्येक की घेऊन नवा टाइप बनवणारा टाइप) काढली की सपाट दिसते.

ॲरेसाठी टाइपस्क्रिप्ट ५.० पासून कॉन्स्ट टाइप पॅरामीटर आहेत, ते दिलेल्या व्हॅल्यू जशाच्या तशा टाइपमध्ये धरतात, ते वापर. त्याआधी बहुतेक वेळा युजरला स्वतः "ॲज कॉन्स्ट" लिहावं लागायचं. पण कन्स्ट्रेंट (टाइप पॅरामीटरवरची अट) रीडओन्ली स्ट्रिंग ॲरे असाच दे, ५.० च्या सुमाराच्या आवृत्त्यांत नुसता स्ट्रिंग ॲरे दिला तर कॉन्स्टचा काहीच परिणाम व्हायचा नाही आणि एररही यायची नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली होती.

टाइपातलाकिडा

मी चेन सोडून एकच ऑब्जेक्ट घ्यायला सांगेन. की म्हणजे ऑप्शनचं नाव, व्हॅल्यू म्हणजे त्याचं वर्णन, आणि वरून एक मॅप्ड टाइप. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) १८.३ पासून पार्सआर्ग्ज हे फंक्शन आहे ते असंच ऑब्जेक्ट घेतं, फक्त तिथे टाइप दोनच, स्ट्रिंग किंवा बूलियन, आणि मल्टिपल ट्रू केलं की ॲरे. फायदा हा की चूक जिथे आहे त्याच ओळीखाली लाल रेघ येते. "--पोर्ट <नंबर>" अशी स्ट्रिंग टेम्प्लेट लिटरल टाइपने (स्ट्रिंगचा साचा सांगणारा टाइप) फोडता येते, ४.१ पासून, आणि दिसायला सुंदर दिसतं, पण एक कंस विसरला की नेव्हर (कुठलीच व्हॅल्यू न बसणारा टाइप) मिळतो आणि का मिळाला ते कोणालाच कळत नाही. तरी करायचंच असेल तर एकेक अक्षर घेऊन रिकर्शन करू नकोस, स्पेस आणि कंस यांच्यावर तोडून एका झटक्यात इन्फर कर. नाहीतर इन्स्टँशिएशन (टाइप उलगडत जाणं) फार खोल गेलं म्हणून कंपायलर हात वर करतो.

पण याहून मोठी गोष्ट सांगतो. टाइप नक्की कुठून येतोय ते बघ. शेलकडून येतं ते सगळं स्ट्रिंगच असतं. तू टाइपमध्ये नंबर लिहिलंस आणि आत नुसतं नंबर फंक्शन लावलंस तर "एबीसी" चं नॅन (नंबर नाही) होतं, रिकाम्या स्ट्रिंगचं तर चक्क शून्य होतं, आणि टाइप म्हणतोय सगळं ठीक. त्यापेक्षा प्रत्येक ऑप्शनला स्ट्रिंग घेऊन व्हॅल्यू देणारं पार्स फंक्शन असू दे, चुकीचं आलं तर ते तिथेच एरर फेकेल, आणि ऑप्शनचा टाइप म्हणजे त्याच फंक्शनचा रिटर्न टाइप. मग टाइप एक बोलतोय आणि कोड दुसरंच करतोय असं होणारच नाही.

गंजलेलाखेकडा

रस्ट भाषेत क्लॅप लायब्ररीचं डिराइव्ह हेच उलट्या दिशेने करतं. स्ट्रक्ट आपण लिहायचं, पार्सर त्यातून बनतो. फील्डचा टाइप रस्टचा Option असेल तर दिलं नाही तरी चालतं, व्हेक (यादी) असेल तर अनेक व्हॅल्यू, बूल म्हणजे फ्लॅग, साधा टाइप म्हणजे द्यायलाच पाहिजे. टाइपस्क्रिप्टमध्ये टाइप रनटाइमला उरतच नाहीत म्हणून तिथे व्हॅल्यूकडून टाइपकडे जावं लागतं. पण तत्त्व तेच, लिहायचं एकाच जागी.

दोनडॅश

ऑब्जेक्ट आणि पार्स फंक्शन, दोन्ही करून पाहिलं, "प्रोट" लिहिल्यावर पहिल्यांदा लाल रेघ दिसली तेव्हा फार बरं वाटलं! पण डिफॉल्ट ८०८० दिलं तर पोर्टचा टाइप नंबर न येता नुसता ८०८० येतोय??

टाइपातलाकिडा

कॉन्स्टमुळे, तो डिफॉल्टलाही लिटरल (फक्त तीच एक व्हॅल्यू चालेल असा टाइप) करतो. डिफॉल्टमधून टाइप काढूच नकोस. टाइप पार्स फंक्शनचा घे, आणि डिफॉल्टची की आहे की नाही एवढंच बघून टाइपमध्ये अनडिफाइन्ड (व्हॅल्यूच नाही) ठेवायचं का काढायचं ते ठरव. तुझ्या मॅप्ड टाइपमध्ये एक कंडिशनल (अटीवर ठरणारा टाइप) वाढेल, बास.

आणि "--कलर [कधी]" सारखे ऑप्शन, ज्यांची व्हॅल्यू दिली नाही तरी चालते, त्यांचा टाइप स्ट्रिंग किंवा ट्रू असाच ठेव. युजरला तपासायचा कंटाळा येतो म्हणून नुसतं स्ट्रिंग करू नकोस, कारण खरोखर ट्रू येतं तिथे.

दोनडॅश

झालं, पोर्ट आता नंबर दिसतोय. मुद्दाम चुकीची नावं लिहून, वर टीएस-एक्स्पेक्ट-एररची कॉमेंट (पुढच्या ओळीत एरर आलीच पाहिजे असं कंपायलरला सांगणारी) टाकून टेस्ट लिहायला घेतल्यात, म्हणजे उद्या टाइप परत एनी झाला तर बिल्डच पडेल. कलरवालं उद्या करतो.