एलएसमध्ये जुन्या फाइलची वेळ गायब, नुसतं साल दिसतंय

हळदीचा_हिशोब: सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघतो. काट्यावर प्रत्येक वजनाची एक फाइल पडते, ती पेनड्राइव्हनं ऑफिसच्या उबुंटू (लिनक्स) कॉम्प्युटरवर आणतो. काल एक शेतकरी 14 फेब्रुवारीच्या पट्टीवरून भांडायला आला. म्हणतो, पोती सकाळी काट्यावर चढली, तुम्ही संध्याकाळची दाखवली. फाइलींची यादी दाखवणारी एलएस -एल ही कमांड मारली तर समोर 'फेब 14 2025' एवढंच. जूनच्या फाइलींना 'जून 3 19:40' येतंय, तर तिथं साल नाही! मालक खुर्चीमागंच उभे. वेळ उडाली का काय?

मिरजेचा_टर्मिनलवाला: वेळ कुठं जात नाही राव. फाइल सहा महिन्यांहून जुनी झाली की एलएस वेळेच्या जागी साल दाखवतं, ताजी असली की साल गाळतं. पुढची तारीख पडलेली असली तरी सालच. असं मारा: एलएस -एल --टाइम-स्टाइल=लाँग-आयएसओ. साल-महिना-दिवस आणि तास-मिनिट, सगळ्या फाइलींना सारखं. आपल्या पद्धतीनं दिवस आधी हवा तर बरोबरच्या चिन्हापुढं लाँग-आयएसओच्या जागी '+%डी-%एम-%वाय %एच:%एम'. मधे जागा आहे म्हणून अवतरणं विसरू नका. (मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करा.) रोजचं टायपायचं नसेल तर बॅशआरसीत (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) टाइम_स्टाइल हे व्हेरिएबल एक्सपोर्ट करून ठेवा.

हळदीचा_हिशोब: मारलं. 14-37-2025 आलं. मालक म्हणतात, सदतिसावा महिना कुठल्या पंचांगात?

मिरजेचा_टर्मिनलवाला: 😄 चूक माझी, सांगायला हवं होतं. महिन्याचा एम स्मॉल, मिनिटाचा कॅपिटल. तुम्ही दोन्ही कॅपिटल मारले. डी स्मॉल, वाय आणि एच कॅपिटल.

हळदीचा_हिशोब: आलं, 14-02-2025 19:37. म्हणजे संध्याकाळच की. शेतकऱ्याला फोन लावतो.

कृष्णाकाठ: थांबा दादा, फोन नका लावू. त्या दिवसाच्या बाकीच्या फाइलींना काय वेळ आहे?

हळदीचा_हिशोब: ...सगळ्यांना 19:37. दोन-चार 19:38.

कृष्णाकाठ: मग दिवसभराची हळद तुम्ही दोन मिनिटांत तोलली का? ही पेनड्राइव्हवरून कॉपी केल्याची वेळ आहे. नुसत्या सीपीनं (कॉपीची कमांड) नव्या फाइलीवर कॉपीची वेळ पडते, सीपी -पी दिलं तर मूळची टिकते. आणि एलएस दाखवतं ती फाइलीत शेवटचं लिहिल्याची वेळ. कुणी उघडून सेव्ह केली असली तरी बदलणार. काट्याच्या मशीनवरच बघा.

हळदीचा_हिशोब: आत्ता काट्यावर जाऊन आलो. तिथं 09:16. पोती सकाळचीच होती. सीपीला पी लावून टाकलाय. आता मालकांचा चहा व्हायची वाट बघतोय.