मदत हवी आहे: खड्डा आला की मीटर, हॉर्न, वायपर बंद

नमस्कार मंडळी, २००४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. खड्ड्यात आपटली की मीटर, हॉर्न आणि वायपर एकदम गप्प. कधी पुढच्याच खड्ड्यात आपोआप चालू! इंजिन मात्र बंद पडत नाही. बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्ट, चालू गाडीत १४.१, म्हणजे चार्जिंग ठीक. फ्यूज शाबूत, टर्मिनल घासून घट्ट केले. हेडलाइट लावून बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत व्होल्टेज ड्रॉप (वाटेत किती व्होल्ट गळतात ते) पाहिला, जेमतेम ०.१ व्होल्ट, म्हणजे अर्थिंगही ठीक. इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळं वायरिंग बदला. मला पटत नाही. किल्ली हलवली की कधीकधी मीटर लुकलुकतो, म्हणून संशय इग्निशन स्विचवर. आधी स्विचमागचं कपलर (वायरी जोडणारा प्लग) उघडू की फ्यूज बॉक्सची मागची बाजू बघू? आणि उभ्या गाडीत हा दोष मुद्दाम आणायचा कसा? गॅरेजमध्ये गेली की शहाण्यासारखी चालते.